बाईंची पिशवी आणि २४ चिठ्ठ्या

स्मरणिकेसाठी मनोगत मागणारे पत्र आले तेव्हा मैदान, वाचनालय, प्रार्थनेची घंटा असे बरेच काही लिहायचे ठरवले होते. त्यातले काहीच कागदावर येत नाही. लिहायला बसले की बाईंची ती नाडीची कापडी पिशवीच डोळ्यांपुढे येते. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की कोणत्या, हे कुणाला सांगावे लागत नाही.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी शेवटचे दोन तास वर्ग कुणालाच आवरत नाही. बाई ते तास मागून घेत आणि सुट्टीचा बिंगो खेळवत. बिंगो म्हणजे हाऊजीचाच भाऊ. हाऊजीच्या तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने आणि १ ते ९० मधले १५ आकडे असतात. दुसऱ्या प्रकारात पाच बाय पाचची चौकट, १ ते ७५ आकडे आणि मधले घर मोकळे. बाईंनी आकडे काढून टाकले आणि चौकट चार बाय चारची केली. तिसरी-चौथीची मुले २५ घरे भरेपर्यंत कंटाळतात, हे त्यांचे म्हणणे. बालवर्गाला तीन बाय तीन आणि शब्दांऐवजी चित्रे. पाच बाय पाच पाचवीच्या पुढे.

फळ्यावर २४ शब्द लिहिलेले असत: बॅग, तिकीट, छत्री, झोका, होडी, शिंपला, पतंग, फुगा, तंबू, डोंगर, दुर्बीण, असे. सण जवळ असला तर सणाचे शब्द. प्रत्येकाने त्यातले १६ निवडून कुठल्याही घरात लिहायचे. पण शेजाऱ्याच्या कागदात डोकावून दोघांचे कार्ड एकसारखे झाले की दोघे एकदमच जिंकतात. म्हणून बाई आधी वहीच्या मागच्या पानावर, हाताच्या आडोशाने, नको असलेले आठ शब्द लिहायला लावत. उरलेले १६ कार्डावर. मग बाई पिशवीतून एकेका शब्दाची चिठ्ठी काढून वाचत आणि तो शब्द ज्याच्या कार्डावर असेल त्याने त्यावर खूण करायची. चार घरांची एक सरळ रांग भरली की ‘ओळ’, सगळी घरे भरली की ‘फुल हाऊस’. २४ मधून १६ निवडायचे ७,३५,४७१ प्रकार होतात, हे गणित पुढे कॉलेजात कळले. बाईंनी ते कधी सांगितले नाही, नुसता आडोसा धरायला लावला.

एकदा वर्गाने हट्ट धरला, ‘बाई, शब्द कमी करा, शोधताना वेळ जातो.’ बाईंनी शांतपणे आठ शब्द पुसले. राहिले १६ आणि घरेही १६. खेळ सुरू झाला. ओळी लागल्या, कारण प्रत्येकाची मांडणी वेगळी होती. मग ‘फुल हाऊस’. एकेक चिठ्ठी निघे आणि सगळ्यांच्या कार्डावर ती असेच. कुणाचे हुकत नाही म्हणून आधी सगळे खूश. चौदाव्या चिठ्ठीला काहीतरी बिनसल्याचे लक्षात आले. सोळाव्या चिठ्ठीला सगळा वर्ग एकदमच ओरडला आणि शेजारच्या वर्गाचे सर दारात येऊन उभे राहिले. बाईंनी एक अक्षर न बोलता खडू उचलला आणि पुसलेले आठ शब्द पुन्हा लिहून काढले.

घरांच्या दीडपट शब्द हवेत: ९ घरांना १४-१५, १६ घरांना २४, मधले घर मोकळे असलेल्या पाच बाय पाचला ३६. या मापाने तीस मुलांच्या वर्गात पहिली ओळ साधारण सातव्या-आठव्या चिठ्ठीला लागते आणि पहिले फुल हाऊस एकविसाव्या-बाविसाव्याला. बाविसावी निघेपर्यंत दोघातिघांचे एकदम भरणे अगदी शक्य असते, म्हणून बक्षिसे दोन-तीन जास्तच ठेवायची. घरी दोनच मुले असतील तर पहिल्या ओळीलाच अकरा-बारा चिठ्ठ्या लागतात. तेवढा धीर लहानांना नसतो. तिथे प्रत्येकाला दोन-दोन कार्डे द्यावीत, नाहीतर तीन बाय तीनवर यावे.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत बाई कडक. एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, दोनच घड्या. एखादी जाड राहिली की हात तिच्याकडेच जातो. डब्यात चिठ्ठ्या तळाशी बसून राहतात, म्हणून पिशवी, आणि दर पाच चिठ्ठ्यांनी ती हलवायची. निघालेली चिठ्ठी पिशवीत परत जाता कामा नये. ती २४ घरांच्या मोठ्या तक्त्यावर त्या-त्या शब्दावर ठेवायची. तपासणीला तोच तक्ता कामी येतो. मूल ओरडले की त्याने आपली ओळ मोठ्याने वाचायची आणि बाईंनी तक्ता पाहायचा. पुढची चिठ्ठी वाचायच्या आत हात वर आला तरच ओळ धरायची, हा नियम खेळाआधी सांगायचा. भांडण झाल्यावर सांगितलेला नियम मुले मानत नाहीत.

खुणेला पेन्सिल वापरली की कार्ड एका डावात संपते. बाई बटणे द्यायच्या. चार सेंटिमीटरच्या घरावर दोन सेंटिमीटरचे बटण, म्हणजे खालचा शब्द थोडा दिसतो. ३० मुलांना प्रत्येकी १६ म्हणजे ४८० बटणे, वर हरवायची वीसेक. बाकाला धक्का लागला की सगळी घसरतात. म्हणून त्यांनी पुढे जाड लोकरी कापडाचे चौकोन कापून आणले. ते कागदाला धरून राहतात. घरी कार्ड पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून वरून व्हाइटबोर्डचे पेन चालवले तरी भागते. फक्त खेळ संपला की ते कोरड्या कापडाने पुसावे, बरेच दिवस तसेच राहू दिले तर डाग राहतो.

शब्द निवडतानाही फसगत होते. ‘दिवा’ आणि ‘कंदील’ चित्रांत शेजारी आले की लहान मुले हमखास चुकतात. त्यांतला एकच ठेवावा. मोठ्यांसाठी बाई शब्द उच्चारतच नसत, कोडे घालत: ‘उघडली की डोक्यावर, मिटली की काखेत.’ छत्री म्हणायला पाच-सहा सेकंद द्यायच्या, नुकते वाचायला लागलेल्यांना दहा.

ज्याला काहीच लागत नाही ते मूल मध्येच खेळ सोडते, म्हणून शेवटचा डाव उलटा. सगळ्यांनी उभे राहायचे, ओळ पुरी झाली की खाली बसायचे. शेवटपर्यंत उभा राहील तो जिंकला. नेहमी हरणारे या डावाची वाट पाहत.

आता संगणक एका मिनिटात चाळीस कार्डे छापून देतो आणि पडदा आपोआप शब्द बोलतो. सोय आहे, नाही म्हणत नाही. पण अर्धा अभ्यास कार्ड लिहिण्यात होता. ‘शिंपला’ची वेलांटी त्या १६ घरांत पक्की झाली. छापून घ्यायचीच असतील तर निदान दोन कार्डे सारखी नाहीत ना, एवढे पाहावे.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला एक डाव ठेवावा, असे आयोजकांना कळवले आहे. बाई सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी घेत तो, माणसांचा. घरांत वाक्ये असतात: ‘तुमच्या दहा वर्षे आधी शाळा सोडलेला’, ‘पहिल्या बाकावर कधीच न बसलेली’, ‘आज दुसऱ्या गावाहून आलेला’. माणूस शोधायचा आणि त्या घरात त्याची सही घ्यायची. एका माणसाची सही एकदाच, नाहीतर सगळे आपापल्या टोळीतच कार्ड भरतात. कुणालाच लागू होणार नाही असे वाक्य नको, त्या घरातून जाणाऱ्या सगळ्या ओळी अडतात. चौकट पाच बाय पाचची चालेल, आता आम्ही मोठे आहोत. मधले घर मात्र मोकळे सोडू नका. तिथे बाईंची सही हवी, आणि रांग त्यांच्या खुर्चीपाशी लागेल याची तयारी ठेवा.