हरवलेली दोन शून्यं

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवते. जुलैतला दिवस होता. पाऊस थांबायचं नाव घेईना, लांबच्या वाड्यांवरची पोरं आलीच नव्हती. नववीत जेमतेम वीस जण. नवा धडा पुढे ढकलला आणि फळ्यावर लिहिलं: ४,२९,४९,६७,२९७.

२ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या येते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्यांच्या रांगेतली ही पुढची, म्हणून फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला हीही मूळच वाटली होती. १७३२ साली ऑयलर या गणितज्ञानं तिचा अवयव शोधला. कसा, ते मुलांकडूनच काढून घ्यायचं होतं.

एवढंच सांगितलं, की हिच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ नं भागलं तर बाकी १ उरते. मग ७, ११, १३ करत बसायला नको. मुलांनी ६४ च्या पाढ्यात एकेक मिळवला, ६५, १२९, ३२१ अशा संख्या खोडल्या. ६५० च्या आत पाचच उरल्या: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाच गट, पाच भागाकार.

शेवटच्या बाकावरून ओरड आली, "बाई, बाकी शून्य!" ६४१ चा गट. उत्तर ६७४१७. दोघींनी वेगवेगळं केलं होतं, दोघींची बाकी शून्य, पण दुसरीचं उत्तर ६७००४१७. कोण बरोबर?

नवाचा ताळा पाहिला. दोन्ही उत्तरांना तोच! अंकांची बेरीज करताना शून्य असलं काय नि नसलं काय. मला स्वतःला हे इतकं ठसठशीत कधी दिसलं नव्हतं.

मग फळ्यावर पायरी पायरीनं केलं. ४२९४ मधून ३८४६ गेले, ४४८. ९ खाली, ४४८९, सात वेळा, उरले २. ६ खाली घेतला, २६. भाग जात नाही. ७ खाली, २६७. अजूनही नाही.

"इथं सोन्ने पडतंय बाई, दोन वेळा!" घरात मराठी, बाजारात कानडी बोलणाऱ्या पोरांच्या तोंडी शून्याला सोन्नेच येतं. पहिलीनं २६७२ होईपर्यंत वाट पाहिली होती, वर काहीच मांडलं नव्हतं. तिनंच मग ६४१ गुणिले ६७४१७ केलं. चार कोटी बत्तीस लाखांच्या आसपास आलं. फळ्यावर तर चारशे कोटींच्या वर! तिनं वहीत दोन्ही शून्यं लाल पेनानं घातली.

घंटा झाली तरी ती उठली नाही. "बाई, हे ६७००४१७ तरी मूळ आहे काय?"

आहे, म्हटलं.

तिनं मान हलवली आणि ६४१ नं पुन्हा भाग जातो का ते पाहिलं. गेला नाही. मग ७०५ लिहून लगेच खोडलं, शेवटी ५ होता. त्याखाली ७६९ मांडलं.