पत्रे येतील परत

दुबईत आज ड्युटी संपताना सोबतच्या फिलिपिनो नर्सने मोबाईल पुढे केला. गावाकडचं घर. वादळात पत्रे उडालेले, गाद्या अंगणात वाळत घातलेल्या. मला बोलायलाच सुचेना.

तीच म्हणाली, "भिंती शाबूत आहेत गं. पत्रे पुढच्या पगारात."

मग त्यांच्याकडची वेटलिफ्टर हिडिलिन डियाझ हिचा विषय निघाला. लॉकडाऊनमध्ये मलेशियात अडकली, तर बांबूला पाण्याच्या बाटल्या बांधून सराव करत राहिली. आणि 2021 ला टोकियोत 55 किलो गटात एकूण 224 किलो उचलून फिलिपिन्सचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण! "आमची पोरगी," म्हणताना हिचा चेहरा नुसता फुलला होता. घर उघडं पडलेलं असताना!

2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनला आमचेही पत्रे उडाले होते. तेव्हा धीर द्यायला पुष्कळ जण आले, पण असं बळ कुणाच्या बोलण्यातून मिळालं नव्हतं.

पडत्या काळात तुम्हाला कुणाचं नाव आठवतं?