बायकोला का नेत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तुम्ही म्हणजे बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटजवळचे दूधवाले, माझे दोन्ही मेहुणे, बँकेत स्टेटमेंटवर शिक्का मारून देणारी मुलगी आणि शेजारचे हुबळीकडचे निवृत्त सर. सरांनी कन्नडात विचारलं, "ओब्बरे होगतीरेनु?", म्हणजे एकटेच जाणार काय. बाकीच्यांनी मराठीत, "काय ओ, वैनी नाहीत संगं?" एप्रिलात प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट असं पंधरा दिवस रेल्वेनं फिरायचं ठरवलंय, एकट्यानं. पैसे किती लागतील, जेवणाचं काय करणार, हे कुणी विचारत नाही. बायकोला का नेत नाही, एवढंच.

याच वयात नर्मदा परिक्रमेला एकटा निघालो असतो तर तुम्हीच हार घालून स्टेशनवर सोडायला आला असता. आमच्या गल्लीतले चौघे दरवर्षी बायकांना घरी ठेवून पायी पंढरपूरला जातात, त्यांना कुणी वाटेत अडवत नाही. देवाकडं एकटं गेलेलं चालतं. बुडापेस्टला एकटा निघाला म्हणजे संसारात काहीतरी बिनसलंय.

आतापर्यंत माझं ठरलेलं उत्तर होतं, "गुडघे." खोटं नाही ते. तिचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी पट्टा दिलाय. पण मागच्या चैत्रात जोतिबाच्या पायऱ्या ती माझ्या आधी चढून वर येऊन उभी होती, हेही तुमच्यापैकी दोघांनी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं ते उत्तर आता चालत नाही.

तहसीलदार कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. तीस वर्षं लोकांचे अर्ज भरले. वारसा, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड. अर्ज कन्नडात, माणूस मराठी, मधे मी. 'कारण' हा रकाना आला की लोक माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी त्यांच्यासाठी कारण तयार करून द्यायचो, चांगलं, साहेबाला पटेल असं. आता दुकान मुलगा बघतो. तर व्हिसाची फाइल तपासून देणारा पोरगा, माझ्या मुलाच्याच वयाचा, मला म्हणाला, "काका, अर्जात विवाहित लिहिलंय आणि जाताय एकटे. कव्हरिंग लेटरमध्ये एक ओळ टाका, मिसेस का येत नाहीत." मी पेन उघडलं. आणि दहा मिनिटं तसाच बसलो.

बाकी सगळ्या ओळी मला येत होत्या. पासपोर्टवर जन्मस्थान बेळगाव आणि आधारवर बेळगावी, तर १ नोव्हेंबर २०१४ पासून नाव बदललंय, गाव तेच, हे एका वाक्यात कसं लिहायचं ते मी झोपेत सांगेन. चारही देशांना एकच व्हिसा चालतो, शेंगेनचा. अर्ज कुठल्या देशाकडं करायचा, तर जिथं जास्त रात्री मुक्काम त्याच्याकडं. माझ्या पाच रात्री चेकमध्ये, म्हणून फाइल त्यांच्याकडं. विमा ३०,००० युरोचा. फी ९० युरो, ती व्हिसा नाकारला तरी परत नाही. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, मला पंधराच हवेत. यात मला मजा आली, खोटं कशाला बोलू.

त्याहून मजा वेळापत्रकात आली. आधी पास घ्यायचा विचार होता. बाहेरच्या लोकांसाठी युरेल म्हणून पास मिळतो, महिन्याभरात मोजके दिवस कुठल्याही गाडीनं फिरा. साठीच्या वरच्यांना त्यात दहा टक्के सवलत. आपल्याकडं ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, आणि परक्या मुलखात मी ज्येष्ठ म्हणून स्वस्त! पण हिशोब मांडला तर या चार देशांत तिकीटं आगाऊ काढली की सुटी सुटीच स्वस्त पडतात. प्राग ते व्हिएन्ना चार तास. व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा तर जेमतेम तास. बेळगावाहून लोंढा जेवढं लांब त्याहून थोडं पुढं, आणि तेवढ्यात दुसऱ्या देशाची राजधानी. सवलत राहिली बाजूला, पास घेतलाच नाही.

ब्रातिस्लाव्हाच का, हेही एकानं विचारलं. त्या गावाला जर्मन लोक प्रेसबुर्ग म्हणायचे, हंगेरियन पोझोनी म्हणतात, आणि ब्रातिस्लाव्हा हे अधिकृत नाव १९१९ पासूनचं. एकाच गावात तीन भाषा आणि प्रत्येकीचं वेगळं नाव. बेळगावच्या माणसानं तिथं उतरायचं नाही तर कुठं उतरायचं? चेक, स्लोव्हाकिया, हंगेरी हे तिन्ही देश २१ डिसेंबर २००७ ला शेंगेनमध्ये आले, तेव्हापासून सीमेवरची कायमची तपासणी उठली. माझे वडील सांगायचे, गोव्यात पोर्तुगीज असताना सीमेवरच्या कॅसलरॉक स्टेशनात गाडी थांबवून कस्टमवाले ट्रंका उघडायला लावायचे. आजीच्या मामाच्या घरची लग्नं गोव्यात, आणि वाटेत लाडवांचे डबेसुद्धा उघडून दाखवायचे. म्हणजे रेल्वेनं परदेशात जाणं आमच्या घरात नवीन नाही. नवीन आहे ते एकट्यानं जाणं.

एक दिवस ऑस्ट्रियातल्या झेमरिंगच्या रेल्वे घाटासाठी ठेवलाय. ४१ किलोमीटरची लाइन, १८४८ ते १८५४ मध्ये बांधली, १४ बोगदे आणि कमानींचे १६ पूल. ती आखणारा इंजिनियर कार्ल फॉन गेगा. खालून २७ किलोमीटरचा नवा बोगदा खणून झालाय, तो सुरू झाला की जलद गाड्या वरून जायच्या नाहीत. म्हणून घाई. कॅसलरॉक ते कुळे हा ३७ ला १ चा चढ ज्यानं दारात उभं राहून बघितलाय, त्याला हे समजवावं लागत नाही.

दारात उभं राहून. हां, तिथंच यायचं होतं.

२०१२ ची गोष्ट. मुलाची दहावी झाली, त्याला मावशीकडं ठेवला आणि आम्ही दोघं हरिद्वारला निघालो. बेळगावाहून गोवा एक्सप्रेस, पुढं दिल्ली. मी सत्तेचाळीसचा. घरात मोबाइल एकच, तो माझ्या खिशात. तिकीटही माझ्याच खिशात, कारण कागद सांभाळायचे म्हणजे मी. रात्रभर तिनं काही ना काही विचारलं. शेगडीचा कॉक बंद केला का. मुलाला पैसे दिले का. पुणं गेलं का. मनमाडला सकाळी गाडी थांबली, मी बाटली घेऊन उतरलो. नळ लांब होता, आमच्या डब्यापासून दोनेक डबे मागं. पाण्याची धार करंगळीएवढी. मी बाटली धरून समोरच्या फलाटावर नांदेडकडं जाणाऱ्या गाडीची पाटी वाचत होतो. आणि आमची गाडी हलली.

हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घरात हा किस्सा पंधरा वेळा सांगून झालाय, मीच सांगतो, हातवारे करून. "बाटली भरता भरता गाडी गेली!" लोक हसतात. पुढचं कधी सांगितलं नाही.

गाडी हलली तेव्हा बाटली पाऊण भरली होती. माझ्या पुढून डबे सरकत होते, चालण्याच्या वेगानं. फलाट मोकळा होता. पायांना काही झालं नव्हतं, सत्तेचाळीसचा माणूस सहज पळाला असता आणि कुठल्याही डब्यात चढला असता. मी बाटली भरू दिली. ती काठोकाठ भरली. मग झाकण लावलं. आटे नीट बसले नाहीत म्हणून काढून परत लावलं. मग पळालो. तोवर गार्डाचा डबा पुढं गेला होता, मी फलाटाच्या टोकापर्यंत धापा टाकत गेलो, दोन हमालांनी हाका मारल्या. त्या धावण्याचं वर्णन मी नेहमी करतो. झाकणाचं करत नाही.

आणि त्या झाकणाच्या वेळात मला बरं वाटलं. हे लिहायला चौदा वर्षं लागली. कुणी काही विचारत नव्हतं. हातात थंड बाटली, पाटीवर ओळीनं गावांची नावं, आणि मी. पाव मिनिट असेल. त्यानंतर पोटात गोळा आला तो आलाच, तिच्याकडं तिकीट नाही, फोन नाही, हिंदी येत नाही, दोन्ही बॅगा तिच्याजवळ. तोही खराच होता. पण आधी काय आलं ते मला माहीत आहे.

बेळगावच्या मराठा सेंटरमधला एक जवान आमच्या डब्यात होता, त्याच्या फोनवरून तिचा फोन आला. माझा नंबर तिला पाठ. "भुसावळला उतरते," एवढंच बोलली. मी मागच्या गाडीच्या जनरल डब्यात उभा राहून भुसावळला पोहोचलो. ती फलाटावर दोन बॅगांवर बसली होती, पदरानं वारा घेत. शेजारी केळ्यांचा अर्धा डझन घेऊन ठेवलेला. मी लांबूनच बोलायला लागलो, नळाची धार, गर्दी, शिट्टी ऐकूच आली नाही वगैरे. गर्दी नव्हती हे मी आत्ताच वर लिहिलंय. तिनं एक केळं सोलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी दारातच होते."

बास. त्यानंतर या विषयावर ती कधी बोलली नाही. आम्ही पुढं दिल्लीला गेलो, हरिद्वार केलं, फोटो आहेत, फोटोत दोघंही हसतोय. ती त्या दारातून नेमकं किती बघत होती, मी विचारलं नाही. नुसती गाडी सुटल्याचं सांगत असेल. बाईमाणूस नवरा का येत नाही म्हणून दारात जाऊन बघणारच. किंवा झाकण काढून परत लावलेलं बघितलं असेल.

आता तुम्ही म्हणाल, पाव मिनिटाचं काय एवढं. मीही स्वतःला हेच सांगत आलोय. तीस वर्षं एकत्र राहिलेल्या कुणाला एखादं पाव मिनिट येत नसेल? पण मग माझेच जुने शब्द आठवतात. आमच्या ओळखीतले एकजण निवृत्त झाल्यावर एकटेच गिरनारला जाऊन आले, तर मी कट्ट्यावर चारचौघांत म्हणालो होतो, संसारी माणसानं एकट्यानं हिंडणं म्हणजे पळपुटेपणा. मनमाडनंतर दोनच वर्षांनी म्हणालो होतो हे. किती जोरात म्हणालो होतो ते आठवलं की कान तापतात.

आणि तिला विचारलं होतं का? हाही तुमचा प्रश्न आहे. विचारलं होतं. ती ओट्याकडं तोंड करून भाकरी थापत होती, तेव्हा पाठीमागून म्हणालो, "तुला यायचंय काय? तुझे गुडघे..." तीस वर्षं अर्ज भरलेल्या माणसाला प्रश्न कसा विचारला की कुठलं उत्तर येतं हे कळतं. "चल" म्हणालो असतो तर निदान तिला वळावं लागलं असतं. ती म्हणाली, "मला नको. जावा तुम्ही." मला हलकं वाटलं, आणि दोन दिवस तिच्याशी जास्तच गोड बोललो.

तिला खरंच नको असेल, ही शक्यता आहेच. मी घरी नसताना ती बहिणीकडं जांबोटीला जाणार आहे, पंधरा दिवसांचा बेत तिनं माझ्याआधी पक्का केलाय आणि त्यात मला कुणी बोलावलेलं नाही. कदाचित तिचंही एखादं पाव मिनिट असेल. विचारायची हिंमत नाही. तुम्ही तिला का विचारत नाही, नवऱ्याला सोडून जांबोटीला का चाललात म्हणून?

कव्हरिंग लेटरमध्ये शेवटी "कौटुंबिक कारणामुळे" लिहिलं. लोकांना मी हाच शब्द लिहून द्यायचो. पोरगा म्हणाला, चालतंय काका.

काल रात्री गाड्यांचा कागद टेबलावर पसरून बसलो होतो. ती चष्मा लावून शेजारी येऊन बसली, प्रागपासून एकेक नाव बोटानं वाचत गेली. ब्रातिस्लाव्हावर बोट थांबलं. "इथं किती वेळ थांबते?"

"मी तिथंच उतरणार. पण गाडी थोडीच मिनिटं थांबत असेल."

तिनं कागदाची घडी घालून माझ्याकडं सरकवला. "मग पाणी गाडीत चढायच्या आधीच भरून घ्या."