शेतकरी बाजारातील कुत्री आणि वीस फुटांचा नियम

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील, आमच्या गावात दर रविवारी सकाळी मुख्य रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद करून तेथे शेतकरी बाजार भरतो. मी या बाजारात माहितीच्या तंबूत स्वयंसेवक म्हणून बसते. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अन्नधान्यासाठी जे सरकारी साहाय्य मिळते त्याला येथे कॅलफ्रेश म्हणतात. त्या लोकांचे कार्ड यंत्रावर चालवून तेवढ्या रकमेची टोकने त्यांच्या हातात ठेवणे, विसरलेल्या पिशव्या सांभाळणे आणि स्वच्छतागृहाचा रस्ता दाखवणे, एवढीच माझ्याकडची कामे होती. काउंटीच्या, म्हणजे येथील जिल्ह्याच्या, आरोग्य निरीक्षकांनी नेहमीच्या तपासणीत ‘विक्रीच्या मालाजवळ पाळीव प्राणी आढळले’ असा शेरा मारला, पुढच्या तपासणीपूर्वी सुधारणा करण्यास सांगितले, आणि व्यवस्थापक बाईंनी नियमावली तयार करण्यासाठी जी छोटी समिती नेमली तिच्यात माझे नाव घातले. कुत्रा न पाळणारी आणि कोणताही माल न विकणारी अशी मी एकटीच त्यांना सापडली असावी.

बाजारात कुत्री येऊ द्यावीत की नाहीत, यावर समितीत मतदान होईल अशी माझी समजूत होती. पहिल्याच बैठकीत कायद्याची प्रत समोर आली आणि हा प्रश्न आमच्या मतावर सोडलेलाच नाही हे कळले. कॅलिफोर्निया रिटेल फूड कोडच्या कलम ११४३७१ मध्ये प्रमाणित शेतकरी बाजारांसाठीचे नियम दिले आहेत. खाद्यपदार्थ जमिनीपासून किमान सहा इंच उंच ठेवावेत, दोनशे फुटांच्या आत स्वच्छतागृह आणि हात धुण्याची सोय असावी, आणि जेथे खाद्यपदार्थ साठवलेले किंवा विक्रीस मांडलेले असतील तेथून वीस फुटांच्या आत कोणताही जिवंत प्राणी ठेवू किंवा येऊ देऊ नये. अपवाद फक्त अपंग व्यक्तींच्या प्रशिक्षित साहाय्यक कुत्र्यांचा. आमच्या प्रवेशाजवळच्या फलकावर मात्र ‘कृपया कुत्र्याला पट्टा लावा’ असे वर्षानुवर्षे लिहिलेले होते आणि ते वाचून लोक निर्धास्तपणे आत येत होते.

तरीही समितीतील एकाने सुचवले की वीस फूट म्हणजे पूर्ण बंदी नव्हे, मधून एखादी वाट काढता येईल. म्हणून आम्ही मोजपट्टी घेऊन रस्त्यावर उतरलो. रस्ता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चाळीस फूट. दोन्ही बाजूंना दहा बाय दहाचे तंबू लागतात, म्हणजे मध्ये वीस फूट उरतात, आणि ती जागाही ग्राहकांच्या सोयीसाठी नसून अग्निशमन दलाच्या गाडीला वाट हवी म्हणून मोकळी ठेवलेली आहे. रस्त्याच्या बरोबर मध्यावर उभे राहिले तर दोन्हीकडची टेबले दहा फुटांवर येतात. दोन्ही बाजूंपासून वीस फूट अंतर राखायचे म्हटले तर मधली वाटच चाळीस फुटांची लागेल, आणि तेव्हाही कुत्र्याला एका रेषेवरूनच चालावे लागेल. मोजपट्टी गुंडाळली तेव्हा वाट काढण्याची चर्चाही मिटली होती.

माझे स्वतःचे मत तोवर झालेच होते, आणि ते कायद्यामुळे झालेले नव्हते. खरबुजे विकणारे एक शेतकरी आपला माल उलट्या ठेवलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर मांडतात. ती उंची सहा इंचांहून थोडी जास्तच भरते, म्हणजे नियमाचे पालन चोख होते. एका रविवारी एका कुत्र्याचे मालक फोनवर बोलत असताना त्या कुत्र्याने त्याच क्रेटच्या कोपऱ्याला पाय वर केला. मालकांनी बघितले नाही, शेतकऱ्याने बघितले. त्यांनी काही न बोलता त्या बाजूची सगळी खरबुजे उचलून ट्रकमध्ये टाकली आणि टेबलाखालच्या कॅनमधले पाणी क्रेटवर ओतले. सहा इंचांचा नियम लिहिणाऱ्यांनी पावसाचे पाणी आणि धूळ यांचा विचार केला असेल; कुत्रा पाय किती उंच करतो याचा हिशेब वीस फुटांच्या नियमात आला असावा.

पुढे शेतकऱ्यांशी बोलण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा पालेभाज्या पिकवणाऱ्या एका बाईंनी मला जे सांगितले ते मी नंतर प्रत्येक वादात वापरले. २००६ साली कॅलिफोर्नियात पिकलेल्या पालकातून ई. कोलाय जिवाणूंची बाधा अनेक राज्यांत पसरली, सुमारे २०० लोक आजारी पडले आणि काही दगावले. त्यानंतर येथील पालेभाजी उत्पादकांनी एकत्र येऊन काटेकोर नियम आखले. पुढे केंद्र सरकारचेही नियम आले. आज शेतात प्राण्याची विष्ठा दिसली तर तेथील भाजी न तोडता सोडून द्यावी लागते. “रानातला कोयोटी रात्री येऊन गेला म्हणून मी उभे पीक सोडते,” त्या म्हणाल्या, “आणि तीच भाजी इथे आणल्यावर कोणाचा तरी कुत्रा तिला नाक लावतो आणि मी हसून दाखवायचे!” शेतावर होणारा खर्च आणि बाजारातील सैलपणा यांतील ही तफावत मला कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक पटली.

अर्थात सगळेच विक्रेते त्यांच्या बाजूचे नव्हते. फुले आणि मध विकणाऱ्यांचे म्हणणे असे की कुत्रा फिरवायला आलेला माणूस रेंगाळतो आणि रेंगाळणारा माणूस काहीतरी घेऊन जातो. ही गोष्ट खोटी नाही. पण माझ्या तंबूतून मला दुसरी माणसे दिसत होती. टोकने घेऊन आठवड्याचा बाजार करणाऱ्या बाया, चाकांचा वॉकर ढकलणारे वृद्ध, ज्यांचे तोंड मोठ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येते अशी लहान मुले, यांना रेंगाळायचे नसते. भाजी घेऊन घरी जायचे असते. साताऱ्याहून दर उन्हाळ्यात येणाऱ्या माझ्या सासूबाई गर्दीत दोन-तीन पट्टे एकमेकांत अडकलेले पाहून पिशवी छातीशी धरून माझ्याजवळ येऊन उभ्या राहत आणि विचारत, “अगं, भाजी घ्यायची की कुत्री चुकवायची?” बाजार हे फिरायचे ठिकाण असेलही, पण आधी ते भाजी घेण्याचे ठिकाण आहे, आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तर फिरणाऱ्याने वळसा घ्यावा असे मला वाटते.

कुत्रा पाळणाऱ्यांनी सर्वांत जास्त वेळा मांडलेला मुद्दा उपाहारगृहांचा होता. कॅलिफोर्नियात २०१४ साली कायदा होऊन २०१५ पासून उपाहारगृहांना आपल्या बाहेरच्या बैठकीत पाळीव कुत्र्यांना परवानगी देता येते, मग उघड्या रस्त्यावरील बाजाराने काय पाप केले, असे ते विचारत. मी त्यांना सांगत असे की तेथे अन्न आत शिजते आणि ताटातून बाहेर येते. येथे कच्चा, अनेकदा तसाच खाल्ला जाणारा माल गुडघ्याच्या उंचीवर उघडा पडलेला असतो. काहींना पटे, काहींना नाही.

खरे कठीण काम ‘नाही’ म्हटल्यानंतर सुरू झाले. कुत्रा घेऊन पायी आलेल्या माणसाला प्रवेशाशी अडवले तर तो घरी परत जाईलच असे नाही. गाडीने आलेला कुत्र्याला गाडीत कोंडून येण्याची शक्यता असते. येथील उन्हात बंद गाडी बघता बघता तापते, आणि अशा गाडीत प्राणी ठेवणे हा या राज्यात गुन्हा आहे. प्राण्याच्या जिवाला धोका असेल आणि ठरलेल्या अटी पाळल्या तर कोणालाही काच फोडून त्याला बाहेर काढण्याची मुभा २०१७ पासून आहे. आमच्या नियमामुळे वाहनतळावर काचा फुटण्याची पाळी यावी हे कोणालाच नको होते. म्हणून बाजाराच्या टोकाला, शेवटच्या तंबूपासून चांगल्या अंतरावर, ग्रंथालयासमोरच्या झाडांखाली कुत्र्यांसाठी थांबा करावा असे ठरले. त्यावर विमा कंपनीने प्रश्नांची सरबत्ती केली. कुत्रे स्वयंसेवकांनी ‘सांभाळायचे’ म्हटले की चावल्यास जबाबदारी बाजाराची, आणि तेवढे संरक्षण आमच्या विम्यात नव्हते. कितीतरी पत्रव्यवहारानंतर असा मार्ग निघाला की बाजाराने फक्त सावली, पाण्याची भांडी आणि विष्ठेसाठी पिशव्या पुरवायच्या, कुत्र्याबरोबर त्याच्या घरातील कोणीतरी थांबायचे, आणि एकट्याने आलेल्या माणसाने फोनवरून यादी दिली तर आमचा स्वयंसेवक त्याची खरेदी करून आणायचा. ही शेवटची सूचना एका निवृत्त शिक्षकांची. माझ्या मते संपूर्ण नियमावलीत तीच सर्वांत शहाणपणाची होती, कारण तिच्यामुळे कुत्रेवाल्यांचा पैसाही शेतकऱ्यांकडे येत राहिला.

साहाय्यक कुत्र्यांच्या बाबतीत स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यावे लागले. अपंगांसाठीच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, पाहताक्षणी लक्षात येत नसेल तर, दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा साहाय्यक कुत्रा आहे का, आणि त्याला कोणते काम शिकवलेले आहे. कागदपत्र मागायचे नाही, आजार विचारायचा नाही, काम करून दाखवायला सांगायचे नाही. अंगावर विशिष्ट जाकीट असण्याची सक्ती नाही. उलट बाजारात विकत मिळणाऱ्या जाकिटाने आणि प्रमाणपत्राने काहीच सिद्ध होत नाही. केवळ सोबतीने मनाला आधार देणारा कुत्रा या व्याख्येत बसत नाही, आणि आपला कुत्रा साहाय्यक असल्याचे जाणूनबुजून खोटे सांगणे या राज्यात दंडनीय आहे. परंतु तो दंड करणे हे आमचे काम नव्हे. उत्तर मिळाले की बाजूला व्हायचे, एवढेच मी सर्वांना शिकवले. पहिल्याच दिवशी एका तरुणीच्या बरोबर जाकीट नसलेला, अगदी लहानखुरा कुत्रा होता. मी दुसरा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, “साखर उतरायला लागली की तो मला आधी कळवतो.” तिच्यामागे भलेमोठे लाल जाकीट घातलेला कुत्रा घेऊन एक गृहस्थ उभे होते, त्यांचे उत्तर होते, “तो असला की मला बरे वाटते.” त्यांना मी झाडांखालची जागा दाखवली. ते रागावले, पण गेले.

नियम लागू करताना सर्वांत आधी कोणाला सांगायचे यावर मी अडून बसले: विक्रेत्यांना. ट्रकच्या मागे किंवा टेबलाखाली स्वतःचा कुत्रा झोपवणारे शेतकरी आमच्याकडेही होते, आणि वीस फुटांचा नियम त्यांनाही तितकाच लागू होतो. त्यांची कुत्री आत असताना ग्राहकाला दारात अडवायचे कोणत्या तोंडाने? एका वयस्क शेतकऱ्याने एक पूर्ण हंगाम माझ्याशी अबोला धरला. त्यांचा कुत्रा आता शेतावरच राहतो आणि टेबलावर पीच लावायला त्यांचा नातू येतो.

पुढच्या तपासणीत तो शेरा राहिला नाही. प्रवेशाशी दर रविवारी दोन स्वयंसेवक लागतात आणि पावसाळी थंडीत ते मिळत नाहीत, ही अडचण कायम आहे. दुसरा अनिर्णित भाग गरम खाद्यपदार्थांच्या स्टॉलचा आहे. तेथील टेबलांजवळ, म्हणजे भाजीच्या रांगेपासून बऱ्याच दूर, कुत्र्यांना बसू द्यावे अशी मागणी फुलांच्या विक्रेत्यांनी लेखी दिली आहे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या अर्जाबरोबर त्या कोपऱ्याचा मोजमापासह नकाशा आम्ही काउंटीकडे पाठवला असून उत्तर येईपर्यंत तेथेही कुत्र्यांना मनाईच ठेवली आहे.