15 चं 11 झालं, आणि दोष माझ्या पायाला

सर्व्हिस सेंटरनं दिलेल्या जॉब कार्डावर माझ्या गाडीबद्दल एक शेरा आहे. गाडीत दोष नाही, ॲव्हरेज कमी येतं ते चालवण्याच्या सवयीमुळं. दोन महिने झाले, तरी तो कागद हातात आला की माझं डोकं तापतं.

गाडी 1.2 लिटर पेट्रोलची, लहान. रोजचा रस्ता बेळगावात वडगाव ते कॅम्प, मध्ये गोवावेस, दुसरं रेल्वे गेट आणि काँग्रेस रोड. अंतर पाच-सहा किलोमीटर, पण गेट पडलं की तिथंच थांबायचं. या रस्त्यावर गाडी मला पहिल्यापासून लिटरला 15 किलोमीटर द्यायची. कंपनीचा 23 चा आकडा मी कधी धरून बसले नाही, तो लॅबमध्ये रोलरवर, एसी बंद ठेवून काढतात. माहेर कोल्हापूर. तिकडं जाऊन-येऊन, एसी लावून, वेग 80 च्या आसपास ठेवला की तवंदीचा घाट धरूनसुद्धा 19 यायचं.

पावसाळा संपला आणि गावातलं 15 चं 11 झालं. 312 किलोमीटरला 28.4 लिटर. एकदा पंपावर चूक होऊ शकते, म्हणून आणखी दोन टाक्या मोजल्या. तेच. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथं माझे तीन आठवडे गेले. पहिल्या दिवशी सकाळी नऊला गाडी दिली, दुपारी दोनला परत. गाडी धुतलेली, एअर फिल्टर बदललेला. ॲव्हरेजचं विचारल्यावर ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, क्लचवर पाय ठेवून चालवता काय?" मी बारा वर्षं गाडी चालवते. दुसऱ्या खेपेला, "आता पेट्रोलमध्ये इथेनॉल 20 टक्के आहे, सगळ्यांचंच कमी झालंय." हे अर्धंच खरं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे 20 टक्के मिश्रणानं, अगदी शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तरी, सहा-सात टक्के फरक पडेल. माझा फरक सव्वीस टक्क्यांच्या वर होता. वहीत हिशेब मांडून दाखवला. त्यानं वही न बघताच परत दिली.

तिसऱ्या खेपेला मी हटून बसले, तक्रार जॉब कार्डावर लिहून घेतल्याशिवाय किल्ली देणार नाही म्हणाले. मग त्यांनी टेस्ट घेतली. मला सोबत नेलं नाही. हायवेला लागून, काकतीच्या पुढं जाऊन परत, 40 किलोमीटर, वेग 60, एसी बंद. निकाल 21.6. आणि त्याखाली तो शेरा.

तक्रार गावातली आणि टेस्ट हायवेवर! त्यातही 40 किलोमीटरला दोन लिटरसुद्धा पेट्रोल लागलेलं नाही. टाकी भरली की पंपाची नोझल आपोआप कट होते, ती अर्धा लिटर अलीकडं कट झाली तरी 17 चं 21 दिसतं. टाकी फुल करून ॲव्हरेज काढायचं तर निदान 250-300 किलोमीटर चालवायला हवं, पंप तोच, नोझल तीच, आणि पहिला ऑटो कट झाला की थांबायचं. वरून राऊंड फिगरसाठी ओतू द्यायचं नाही. हे मी तिथं तीनतीनदा सांगितलं. सही कर आणि गाडी घेऊन जा, एवढंच उत्तर.

शेवटी आमच्या गल्लीतल्या एकानं उद्यमबागच्या एका मिस्त्रीकडं पाठवलं. मिस्त्रींनी आधी विचारलं, "ताई, कुठनं आलासा? गावातनं की हायवेनं?" गावातनं म्हटल्यावर ते चारही चाकांजवळ हात नेत फिरले आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले. मला म्हणाले, हात जवळ न्या, लावू नका. इस्त्रीजवळ हात न्यावा तशी धग येत होती. उजवं चाक नुसतं कोमट. जॅक लावून चाक फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं.

ब्रेकचं पॅड चाकाच्या डिस्कवर दाबतो तो भाग म्हणजे कॅलिपर, त्याच्या पिनेवरचं रबर फाटून पावसाचं पाणी आत गेलं होतं, पिन गंजून अडकत होती. ब्रेक मारून पाय काढला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचं. गावात दर शंभर पावलांवर ब्रेक, म्हणजे गाडी कायम घासत चालायची. हायवेवर ब्रेक क्वचित, फिरती डिस्कच पॅडला थोडं मागं ढकलते, म्हणून तिथं फरक कळला नाही. त्यांची टेस्ट याचमुळं पास झाली. पिना साफ, नवीन रबर, ग्रीस. पाऊण तास, साडेसातशे रुपये. पुढची टाकी 421 किलोमीटरला 28.1 लिटर. पंपावरच फोनवर भागाकार केला आणि डोळ्यांत पाणी आलं.

डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका, हे आधीच सांगायला हवं होतं. माझा तिथं 12.5 दाखवत होता, टाकी 11 सांगत होती. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. गावातला आणि हायवेचा हिशेब वेगळा ठेवा, मिसळला तर दोष लपतो. आणि इथल्या लोकांसाठी खास, चोर्ला घाटातून गोव्याला उतरतानाचं ॲव्हरेज सांगू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे. परत चढून आल्यावर टाकी भरा, मग बोला. वेगाचंही तसंच, 80 चा 100 केला की हवेचा विरोध दीडपटीच्या वर जातो. कागलच्या पुढं रस्त्याचं काम सुरू होतं तेव्हा वेग आपोआप कमी व्हायचा, तिथं माझं ॲव्हरेज उलट बरं आलं.

जुनं रबर मी पिशवीत घालून ठेवलंय. तो शेरा खोडून दुरुस्त कार्ड द्या, असा लेखी अर्ज रबराच्या फोटोसह सर्व्हिस सेंटरला दिला आहे. पोच घेतली आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे.