लँडिडनोचा बाक

आई सहा महिन्यांसाठी लेस्टरला येते तेव्हा पहिले दोन आठवडे आम्ही एकमेकींना फार आवडतो. तिसऱ्या आठवड्यात फ्रिज कुणाचा, यावरून सुरुवात होते. गेल्या जूनमध्ये असाच तिसरा आठवडा चालू असताना दारातल्या फटीतून एक पत्रक पडलं. सोमवार ते शुक्रवार, उत्तर वेल्समधलं लँडिडनो, समुद्रासमोरचं हॉटेल, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, जायचं-यायचं कोचने. मी आईला वाचून दाखवलं. "म्हणजे यात्रा कंपनी," आई म्हणाली. बरोबर ओळखलं तिने.

फरक एवढाच, की यात्रा कंपनीच्या बसमध्ये चार तरी पोरंटोरं असतात. इथे माझ्या त्रेचाळीस वर्षांनी बसचं सरासरी वय खाली आणलं. सीट नंबर ठरलेले, आणि ते पाच दिवस बदलत नाहीत. गाडीने साडेतीन तासांचा रस्ता, पण कोच गावोगावी माणसं गोळा करत जातो आणि मध्ये थांबतो, म्हणून सहा तास लागले. त्या थांबण्याला ड्रायव्हर माइकवरून 'कम्फर्ट स्टॉप' म्हणतो. म्हणजे काय, हे आईला समजावलं.

"मग सरळ लघुशंका म्हणायला काय होतं?"

"आई, शंका तरी सरळ आहे का?"

वेल्समध्ये शिरल्यावर पाट्या दोन भाषांत सुरू होतात आणि रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'अराफ' रंगवलेलं दिसतं. आईला वाटलं, निवडणूक आहे आणि कुणी अराफ उभा आहे. अराफ म्हणजे सावकाश. आणि वेल्शमध्ये एकट्या 'एफ'चा उच्चार 'व' होतो, म्हणजे म्हणायचं 'आरव'. आमच्या देवगडच्या शेजाऱ्यांच्या नातवाचं नाव आरव आहे. "त्याच्या आईला सांगितलं पाहिजे," आई म्हणाली, "काही उपयोग झालेला नाही."

लँडिडनो दिसतं तेव्हा मात्र बसमध्ये सगळे गप्प झाले. दोन बाजूंना दोन डोंगर समुद्रात शिरलेले, ग्रेट ऑर्म आणि लिटल ऑर्म. मध्ये कोयरीच्या पोटासारखा वळलेला किनारा, आणि त्या वळणावर फिक्या रंगांची व्हिक्टोरियन हॉटेलं पंगतीला बसल्यासारखी. इथे आधी तांब्याच्या खाणीतले मजूर आणि कोळी राहायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मॉस्टिन नावाच्या जमीनदार घराण्याने सुट्टीचं गाव म्हणून हे आखून वसवलं. १८५८ला रेल्वे आली, १८७७ला पिअर, म्हणजे समुद्रात शिरणारा लांब धक्का, उभा राहिला, १९०२ला ग्रेट ऑर्मवर दोराने ओढली जाणारी ट्राम चढली. ती ट्राम अजून चढते. वर काश्मिरी शेळ्या चरतात, मूळच्या विंडसरच्या राजघराण्याच्या कळपातल्या. २०२०च्या लॉकडाउनमध्ये माणसं घरात बसल्यावर त्या खाली गावात उतरल्या आणि लोकांच्या बागांची कुंपणं खाऊन गेल्या. लांब केसांच्या त्या शेळ्या बघून आई म्हणाली, "आपल्याकडच्या, पण किती माजल्यात."

खरी गंमत समुद्रावर होती. किनाऱ्यावर वाळू थोडी, गोटे फार. समोर बाक आणि घडीच्या खुर्च्या. त्यांवर माणसं कोट घालून, मांडीवर शाल घेऊन, थर्मासमधला चहा पीत समुद्राकडे तोंड करून बसलेली. पाण्यात एकही नाही.

"कुणाची वाट बघतायत?" आईने विचारलं.

तिचं म्हणणं असं, की किनाऱ्यावर नुसतं बसतात ती होडी परत यायची असलेल्या घरची माणसं. आमच्या गावातल्या घराची पडवी रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे आहे. समुद्र म्हणजे खारा वारा आणि खिडकीच्या गजांना लागणारा गंज. तो बघायचा कशाला?

शेजारच्या सीटवरच्या ऐंशीच्या आजीबाईंनी मला त्याचं उत्तर दिलं, आपणहून. त्या लँकेशायरच्या गिरणीगावातल्या. तिथे वर्षातला एक आठवडा गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या आणि अख्खं गाव समुद्रावर जायचं. शेजारी तेच, फक्त मागे समुद्र. त्यांची पंढरी ब्लॅकपूल. लँडिडनो जरा पांढरपेशांचं, त्यामुळे इथे यायला त्यांना लग्नापर्यंत थांबावं लागलं. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा आजीबाईंकडे नीट वळली. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. गणपतीला चाळच्या चाळ गाडी पकडून कोकणात उतरायची. आईने पिशवीतून रव्याचा लाडू काढून आजीबाईंच्या हातावर ठेवला. पुढचे चार दिवस मी दोघींमध्ये दुभाषी होते, आणि बऱ्याचदा माझी गरजही लागली नाही.

आजीबाई नोव्हेंबरमध्येही येतात. तेव्हा हॉटेलवाले 'टर्की अँड टिन्सेल' करतात, म्हणजे खोटा नाताळ. सोमवारी नाताळची पूर्वसंध्या, मंगळवारी नाताळ, गुरुवारी नवं वर्ष, शुक्रवारी नाश्ता करून घरी. खऱ्या नाताळात खोलीचे दर परवडत नाहीत आणि घरी कुणी येतंच असं नाही. आईला ही सोय फार पटली.

हॉटेलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गालिचा फुलाफुलांचा, खोलीत किटली, बोटाएवढे दुधाचे डबे. रात्रीचं जेवण साडेसहाला, आणि उद्या काय खाणार ते आदल्या दिवशी कागदावर खूण करून द्यायचं. आईचा आयुष्यभर आग्रह की जेवण दिवेलागणीला व्हावं. इथे ते दिवेलागणीच्या तीन तास आधी झालं, आणि क्रंबल-कस्टर्ड खाऊन बाहेर आलो तरी ऊन.

अशाच एका उन्हात आम्ही बाकावर बसलो. म्हणजे मी बसले. आई उभी. बाकाच्या पाठीवर पितळी पट्टी होती, तिच्यावर नवरा-बायकोची नावं, दोघांची सालं, आणि त्यांना हा देखावा फार आवडायचा अशी एक ओळ. प्रॉमनेडवर असे बाक कितीतरी. मुलं-नातवंडं आईवडिलांच्या नावाने बसवतात.

"मेलेल्या माणसांच्या जागेवर बसायचं?"

"ती जागा त्यांनी आपल्यासाठीच ठेवलीय, आई."

तिने पदराने पट्टी पुसली, मनात काहीतरी पुटपुटली आणि अगदी कडेला टेकली. मधली जागा मोकळी सोडून.

शुक्रवारी निघायचं, म्हणून गुरुवारी फिश अँड चिप्स आणले. आईने एक तुकडा मोडून पाहिला. "बिचाऱ्या माशाला भज्यांचं पीठ लावलंय आणि आत मीठसुद्धा नाही." तरी खाल्ला. गुरुवारी त्याच बाकावर, त्याच कडेला. समुद्राकडे बघत, बराच वेळ, काहीही न बोलता. क्षितिजावर पवनचक्क्या फिरत होत्या. ड्रायव्हरसाठी पाकीट फिरलं होतं, त्यात किती टाकायचे याचा हिशेब मी मनात करत होते. तेवढ्यात मागून पांढरंशुभ्र काहीतरी फडफडलं आणि मधल्या मोकळ्या जागेवर ठेवलेल्या खोक्यातला सगळ्यात लांब चिप घेऊन गेलं. सीगल. पक्ष्यांना खायला घालू नका, अशी पाटी समोरच होती. मी ओरडले. आई हलली नाही. वडिलांच्या दहाव्याला आम्ही दीड तास उन्हात उभे होतो, हात जोडून, एकेक राहिलेली इच्छा आठवून मोठ्याने सांगत, आणि कावळा काही खाली येईना.

तिने आणखी एक चिप काढून पितळी पट्टीखाली, फळीवर ठेवला.

"आई, पाटी वाच."

"वाचली," ती म्हणाली. दुसरा सीगल आला, चिप उचलून पिअरच्या दिशेने गेला. आईने हात झटकले.

"बघ. एका हाकेत शिवला."

हाक मात्र तिने मारलेली मी ऐकली नव्हती.