चार फुल्या आणि उजवा कोपरा

दुरुस्तीला आलेले एक काका आपला फोन घेऊन गेले त्याला आठवडा झाला, पण तो फोन माझ्या डोक्यातून जात नाही.

पुण्यात तापकीर गल्लीजवळच्या दुकानात मी मोबाइल रिपेअरिंग करते. 'टच कॅलिब्रेट करून द्या', म्हणजे बोट टेकतं तिथेच स्पर्श लागेल असं जुळवून द्या, म्हणत रोज कोणी ना कोणी येतंच. आजच्या कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटाचा विद्युत परिणाम ओळखणाऱ्या, स्क्रीनला हाताने कॅलिब्रेशन लागतच नाही. फोन चालू होताना तिचा कंट्रोलर स्वतःच आपली शून्याची पातळी धरतो. कॅलिब्रेशनची ॲप नुसती बोटं फिरवून घेतात आणि 'झालं' म्हणून हिरवी खूण दाखवतात. तिच्या भरवशावर लोक खराब फ्लेक्सचा (स्क्रीन जोडणाऱ्या लवचिक पट्टीचा) फोन महिनोन्महिने वापरतात. या फसवणुकीची मला मनापासून चीड येते.

काकांचा फोन मात्र वेगळा. नोकिया एन९००, २००९ सालचा, साडेतीन इंची रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबावर चालणाऱ्या, स्क्रीनचा. मूळची मेमो प्रणाली काढून भाच्याने त्यावर दुसरं लिनक्स चढवून दिलेलं. काका भोसरीत डाय फिटर होते, म्हणजे प्रेसचे साचे जुळवायचे. पॉवर प्रेसमध्ये उजव्या हाताची चार बोटं गेली. तळव्यावर चामड्याचा पट्टा बांधून त्यात ते प्लॅस्टिकची काडी अडकवतात आणि मायपेंट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये डायची स्केचेस काढतात. कपॅसिटिव्ह स्क्रीनला ती काडी कळतच नाही. इथे वरची फिल्म दाबून खालच्या थराला टेकली की काम झालं, मग दाबणारं काहीही असो. मालक म्हणाले, "नवा घ्यायला सांग, कशाला वेळ घालवतेस?" ज्याला गिऱ्हाइकाचा हात दिसत नाही, त्याला असा सल्ला सुचतो.

काच तडकली होती म्हणून नवं टच पॅनल मीच बसवलं होतं. चार दिवसांनी काका परत आले. "पोरी, रेघ मारतो एकीकडे, उमटते दुसरीकडे. आणि काच वर आलीय." मी जॉब कार्ड भरलं आणि फोन ठेवून घेतला.

रेझिस्टिव्ह पॅनलमध्ये कॅलिब्रेशन खरंखुरं असतं. कंट्रोलर व्होल्टेज मोजून ० ते ४०९५ मधला आकडा देतो. स्क्रीन आहे ८०० बाय ४८० पिक्सेलची. यातलं कोणतं टोक कुठे बसवायचं हे आपण सांगायचं. कॅलिब्रेटर चार कोपऱ्यांशी चार फुल्या दाखवतो, त्या काडीने टिपायच्या. त्याने लांबी-रुंदीचा हिशेब लागतो, पण पॅनल तिरकं बसलं असेल तर तो तिरकेपणा जात नाही. माझं बसलं होतं अंशभर तिरकं. एक अंश म्हणजे डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत रेघ १४ पिक्सेल चढते किंवा उतरते. या स्क्रीनवर ते सव्वा मिलिमीटरच्या पुढे जातं, आणि डायच्या स्केचमध्ये तेवढं खपत नाही. म्हणून मी नऊ बिंदूंचे कच्चे आकडे कागदावर उतरवले, त्यावरून तिरकेपणाही सुधारणारं नऊ आकड्यांचं मॅट्रिक्स काढलं आणि ते टर्मिनलमधून भरलं. रात्री साडेनऊला माझ्या स्टायलसखाली रेघ अशी आली की मीच तीनदा मारून बघितली. आमच्या गल्लीत हे काम कोणी करून देत नाही, याचा मला अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी काकांनी पट्टा बांधला, रेघ मारली. ती उजवीकडे खाली ओढली गेली.

मी मारली, बरोबर. त्यांनी मारली, चूक. मी चारही फुल्या पुन्हा टिपल्या. पुन्हा तेच. "काका, हात हलतोय तुमचा" हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही एवढंच.

मग कच्चे आकडे स्क्रीनवर सोडले आणि त्यांना एकाच जागी काडी टेकवून ठेवायला सांगितलं. काडी टेकली, आकडे स्थिर. मग त्यांनी सवयीप्रमाणे हात विसावला. एक्स आणि वाय दोन्ही सरकले, दाबाच्या आकड्याने उडी मारली. बघते तर पट्ट्याच्या बकलची कड खालच्या उजव्या कोपऱ्यावर दाबलेली. अशा पॅनलला एका वेळी एकच जागा कळते. दोन ठिकाणी दाब पडला की ते मधलीच कुठली तरी जागा सांगतं. माझ्या मॅट्रिक्सला यात करण्यासारखं काहीच नव्हतं.

"पण आधी असं होत नव्हतं?" मी विचारलं.

"आधी काच आत होती," काका म्हणाले. डाव्या अंगठ्याचं नख फ्रेमवरून काचेवर नेलं, परत आणलं. "इथे पायरी नाही राहिली. फिलर असेल तर लावून बघ."

फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, दुकानात कुठलं असणार? काकांच्या पिशवीत होतं. डावीकडे काच फ्रेमच्या खाली होती, तिथे पट्टी घालून पायरी मोजता आली. उजव्या कोपऱ्यात सगळ्यात पातळ पट्टीलाही पायरी लागेना. पॅनल गरम करून उचललं. कोपऱ्यात डबल टेपच्या दोन पट्ट्या मी एकमेकींवर चढवल्या होत्या. तिथे जाडी दुप्पट, म्हणून काच वर, म्हणून बकल तिच्यावर. फ्रेमची कड आधी जो भार घेत होती, तो आता फिल्मवर येत होता.

टेप खरवडून काढली. पातळ टेप कोपऱ्यात कडेला कड लावून जोडली आणि पॅनल पुन्हा बसवलं. या वेळी फुल्या मी टिपल्या नाहीत. काकांनी पट्टा बांधून, हात विसावून, सावकाश चारही टिपल्या. मग एक चौकोन काढला, त्यात गोल, गोलात मध्यरेषा. "बसलं," म्हणाले, आणि फिलर पुसून पिशवीत टाकलं.

जॉब कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तक्रारीच्या रकान्यात माझ्या अक्षरात 'टच सरकतो, कॅलिब्रेशन' एवढंच लिहिलंय. काच वर आल्याचं मी लिहिलंच नव्हतं.